हिवाळ्याची उलटतपासणी

कामास विलंब झाला कीं ठेकेदारास दोन साक्षीदार तत्काळ सांपडतात: जमीन आणि हवा. दोघांचीही उलटतपासणी कोणी घेत नाहीं. कॅनडांतील ओटावा शहराच्या लाइट रेलची हकीकत वाचल्यावर निदान हवेची तरी ती घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

करार झाला 2013 सालीं. गाड्या धांवावयाच्या होत्या मे 2018 मध्यें. त्या धांवल्या 14 सप्टेंबर 2019 रोजीं. मधल्या हिवाळ्यांना दोष देणें सोपें आहे. पारा 5 अंशांखालीं गेला कीं काँक्रीट घट्ट होण्यास वेळ लागतो. पुरतें बळ येण्यापूर्वीं त्यांतील पाणी गोठलें तर तें कायमचें कमजोर होतें. म्हणून वर ताडपत्र्या घालून आंत ऊब ठेवावी लागते, आणि ऊब फुकट मिळत नाहीं. हें सारें खरें. पण हा पाहुणा काय न कळवितां येतो? जानेवारींत पारा उणे 20 च्या खालीं जातो, हें ओटावांतील शाळकरी पोरही सांगेल. वेळापत्रक आंखतांना न दिसलेला हिवाळा सबब सांगतांनाच कसा दिसतो? (आपल्याकडील ठेकेदारांचा पावसाळाही याच जातीचा.) शिवाय बोगद्याच्या कामाजवळ रिडो रस्ता खचला तो जून 2016 मध्यें, उन्हाळ्यांत!

न्यायमूर्ति विल्यम हॉरिगन यांचा चौकशी-अहवाल नोव्हेंबर 2022 मध्यें प्रसिद्ध झाला. चांचणी चालू असतांनाच उत्तीर्ण होण्याची अट सैल केली गेली, आणि लोकांनीं निवडलेल्या नगरसभेस तें वेळेवर कळूं दिलें नाहीं, असें त्यांत उघड झालें. समांतर बसगाड्या ऑक्टोबर 2019 मध्येंच काढल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यांत सांध्यांवरील विजेचे हीटर बर्फापुढें हरले आणि प्रवासी फलाटावर कुडकुडत राहिले. गॅसचे हीटर बसविण्याची बुद्धि मागाहून सुचली.

फिनलंडांतील टाम्पेरे येथें थंडी इतकी कडक नाहीं, हें कबूल; पण जमीन तेथेंही गोठते. तेथील ट्रामचें काम 2017 मध्यें सुरू झालें आणि ठरल्याप्रमाणें ऑगस्ट 2021 मध्यें, अंदाजाहून कमी खर्चांत, गाड्या चालूं लागल्या. नगरपालिका, आराखडा करणारे व बांधणारे एकाच करारानें नफ्यातोट्याचे भागीदार होते. अडचण झांकून ठेवण्यांत कोणाचाच लाभ नव्हता. ओटावानें ठराविक रकमेंत बहुतेक जोखीम ठेकेदारांच्या माथीं मारली. तो तोटा अखेर फलाटावरच्या माणसानें भरला.

पुढील मार्गाच्या करारांत डिसेंबर ते मार्च या महिन्यांचे किती दिवस वाया जातील असें धरलें आहे, हें तेथील करदात्यांनीं कुदळ पडण्यापूर्वींच भर सभेंत विचारावें, आणि उत्तर लेखी मागावें.