भूमीला लावलेलें विरजण

दूध कितीहि उत्तम असलें, तरी विरजणावांचून घरीं दहीं लागत नाहीं, हें आमच्या भगिनींना सांगावयास नको. परंतु हाच न्याय विषारी झालेल्या भूमीसहि लागू पडतो, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

अमेरिकेंत डेलावेअर राज्यांतील डोव्हर येथें विमानदळाचा तळ आहे. यंत्रांच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यास वापरतात तें ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचें द्रव्य तेथील भूमींत मुरून भूजलांत उतरलें होतें. १९९६ सालीं संशोधकांनीं या भूजलांत, आंबट दुधांत असतें त्याच दुग्धाम्लाचा क्षार सोडण्यास आरंभ केला. हेतु असा कीं, या खाद्यावर तेथील सूक्ष्म जंतूंनीं पुष्ट व्हावें व विषांतील क्लोरीन काढून टाकावा. या द्रव्याच्या प्रत्येक रेणूंत क्लोरीनचे तीन अणु असतात. जंतूंनीं त्यांतील एक काढला. पण नऊ महिने लोटले तरी पुढें कांहीं होईना. काम अधमुरेंच राहिलें!

अशी अर्धवट सफाई मोठी फसवी असते. दोन अणु निघून तिसरा तसाच राहिला, तर व्हिनाइल क्लोराइड उरतें. तें कर्करोगास कारण होणारें असून मूळ द्रव्याहूनहि घातक समजलें जातें.

अखेर फ्लोरिडांतील पिनेलास येथील जंतुसमूह आणून त्या भूमींत सोडण्यांत आला. सुमारे तीन महिने कांहींच दिसेना. मग मात्र क्रिया सुरू झाली, आणि आरंभापासून सुमारे सतरा महिन्यांनीं प्रयोगाच्या जागेंतील विषाचें एथिलीन झालें. आंबे पिकतांना स्वतः सोडतात तोच हा वायु! त्या समूहांत डीहॅलोकॉकॉइडीस नांवाचे जंतु असल्याचें मागाहून आढळलें. या जातीचा एक जंतु कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं १९९७ सालीं प्रथम वेगळा करून दाखविला होता. प्राणवायु त्यास मारक. आपण श्वासासाठीं प्राणवायु वापरतों, तशीं तो हीं क्लोरीनयुक्त द्रव्यें वापरतो. आपलें जें विष, तेंच त्याचें जीवन!

तात्पर्य, घाण दिसेनाशी होणें व शुद्धि होणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. एखाद्या विहिरीचें पाणी निर्विष झालें असें कोणीं सांगितल्यास, विष किती उरलें एवढेंच न विचारतां, गेलें त्याचें काय झालें, हेंहि सुज्ञ वाचकांनीं अवश्य विचारावें.