धंदा करताय? मग कादंबरी वाचा

‘सर, बिझनेससाठी कुठलं पुस्तक वाचू?’ हा तुमचा नेहमीचा प्रश्न. यावेळी माझं उत्तर आहे, कादंबरी. मोटिव्हेशनची पुस्तकं जरा बाजूला ठेवा.

विवेक शानभाग यांची मूळ कन्नड ‘घाचर घोचर’ आधी वाचा. एका बैठकीत संपते. बंगळुरूतलं साधं कुटुंब. वडिलांची नोकरी जाते, त्यांचे पैसे घालून काका मसाल्याचा धंदा टाकतो. घाऊक माल आणायचा, छोटी पाकिटं भरून दुकानांत द्यायची. धंदा चालतो आणि घर बिघडत जातं! मुलगा नावाला डायरेक्टर. काम शून्य, पगार मात्र खात्यात. घरच्यांना पार्टनर घेताय ना? मग काम कोणाचं, पगार किती, हे सही करण्याआधी ठरवा.

हलकंफुलकं हवं तर आर. के. नारायण यांची १९५२ ची ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’. वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसणारा मार्गय्या खूप हसवतो. पुढे ठेवीदार पैसे मागायला धावतात, तेव्हा पोटात गोळा येतो. भिशी चालवणाऱ्यांनी तर वाचाच.

आणि परक्या गावात दुकान टाकणाऱ्यांसाठी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. धनगरांच्या वाडीत नवा मास्तर विश्वास कसा मिळवतो, ते सावकाश वाचा. दुष्काळाची शेवटची पानंसुद्धा.