'वय झालं' हे निदान नव्हे!

आकुर्डीच्या कारखान्यात तीस वर्षं पाना-पक्कड चालवलेल्या बाबांना परवा लोणच्याची बरणी उघडेना. "वय झालं रे!" मीही हसण्यावारी नेलं. पण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजार भारतीयांची पाहणी केली, तेव्हा हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. तब्येत ढासळतेय, याची चाहूल तिथे लवकर लागते. वार्धक्यातल्या आजारांचं एम.डी. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६मध्ये सुरू झालं, तरी असे डॉक्टर आजही मोजकेच. म्हणून दोस्तहो, या शनिवारी मॉलला दांडी मारा, बाबांना घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. बरणीचा किस्सा सांगाच. 'वय झालं' म्हणाले, तर विचारा, "ते कळलं, पुढे काय करायचं?"