समुद्राचा ताप कोण मोजतो?



टपाल उशिरा आले की बोल कारकुनाला, हे आम्हा कारकून मंडळींना नवीन नाही. १७६८-६९ च्या सुमारास लंडनमध्येही हीच तक्रार होती. इंग्लंडहून न्यूयॉर्कला टपाल नेणारी सरकारी जहाजे साध्या व्यापारी जहाजांच्याही मागे राहत. बेंजामिन फ्रँकलिन हे तेव्हा अमेरिकन वसाहतींच्या टपाल खात्याचे एक अधिकारी. त्यांनी आपल्या नात्यातल्या टिमोथी फोल्जरला कारण विचारले. फोल्जर नानटुकेट बेटावरचा, देवमाशांच्या शिकारीत मुरलेला कप्तान. त्याने सांगितले, समुद्रात एक मोठा प्रवाह वाहतो. देवमासे त्याच्या कडेकडेने राहतात, म्हणून आम्हाला तो ठाऊक. तुमची टपालाची जहाजे त्याच्या पोटात शिरतात आणि उलट दिशेने झगडत बसतात. आम्ही त्यांना बाजूला व्हा म्हणतो, पण ऐकतो कोण?

फ्रँकलिन यांनी त्याच्याकडून प्रवाहाची आखणी करून घेतली, नकाशा छापविला. इंग्रज कप्तानांनी तो बाजूला सारला. मासे मारणाऱ्यांनी आम्हाला अक्कल शिकवावी काय, हा त्यांचा ताठा! पुढे १७७५ पासूनच्या आपल्या प्रवासांत फ्रँकलिन स्वतः तापमापक पाण्यात सोडून पाहत असत. प्रवाहात शिरले की पाणी ऊबदार लागे.

आमच्या कार्यालयाच्या गच्चीचे पाणी नेमके कुठून मुरते, हे शिपायाला ठाऊक होते. दोन पावसाळे बाहेरचे तज्ज्ञ आले आणि गेले. शिपायाला कोणी विचारले नाही. तेव्हा इंग्रज कप्तानांनाच कशाला हसायचे?

नानटुकेटपासून जवळच, मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल नावाचे गाव आहे. तेथे अमेरिकन सरकारचे मत्स्य-संशोधन केंद्र आहे. तेथील समुद्रशास्त्रज्ञ जिम मॅनिंग यांनी २००१ साली मच्छिमारांना सोबत घेऊन एक काम सुरू केले. त्याचे नाव ‘ईमोल्ट’. त्या किनाऱ्यावर हजारो लोक शेवंडीवर पोट भरतात. आपल्या कोकणातल्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, तिकडच्या जातीला असतात, एवढा फरक. तळाशी पिंजरे सोडायचे, वर दोरीला बोया, काही दिवसांनी पिंजरा ओढून काढायचा, असा तो धंदा. मॅनिंग यांनी त्या पिंजऱ्यालाच एक लहानसे तापमापक यंत्र बांधायला दिले. पिंजरा तळाशी असेपर्यंत यंत्र तासातासाला नोंद घेते. आरंभी हंगाम संपला की मच्छिमार ते यंत्र शास्त्रज्ञांकडे परत धाडीत. आता पिंजरा वर आला की नोंदी बिनतारी पद्धतीने नावेवरच्या यंत्रात उतरतात आणि तेथून पुढे जातात.

उपग्रह आहेत, मग पिंजरे कशाला, असे कोणी विचारील. उपग्रहाला पाण्याची फक्त वरची कातडी दिसते. समुद्रात सोडलेले ‘आर्गो’चे सुमारे चार हजार तरंगते यंत्रगोळे दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, पण त्यांचे काम खोल समुद्रात. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, जेथे माणसाचे पोट भरते, तेथेच नोंद अपुरी. संशोधनाचे जहाज वर्षातून काही दिवस फिरणार. मच्छिमार तर रोजचाच तेथे.

तळाचे तापमान म्हणजे केवळ शास्त्रज्ञांचे कुतूहल नव्हे. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तिकडच्या शेवंडीचा जीव कासावीस होतो. २०१२ साली मेनच्या आखातात समुद्र असा तापला की शेवंडीने नेहमीपेक्षा फार लवकर कात टाकली आणि हंगामाआधीच पिंजरे भरू लागले. भरले म्हणजे बरेच झाले, असे वाटेल. पण कारखाने तयार नव्हते, गिऱ्हाईक तयार नव्हते. भाव कोसळले. मेनचा स्वस्त माल कॅनडाच्या कारखान्यांत येऊ लागला, तेव्हा तेथील मच्छिमारांनी ऑगस्टमध्ये कारखान्यांची वाट अडविली. दोन्हीकडचे कष्टकरीच एकमेकांसमोर उभे राहिले. उलट २०२४ मध्ये त्याच आखाताच्या खोल भागात थंड पाणी शिरले. वरून पाहणाऱ्याला तळाचा हिशेब लागत नाही तो असा.

एका दिवसाची नोंद कवडीमोल असते. वीस वर्षांची सलग नोंदवही मात्र सोन्याची, हे आमच्या धंद्यातील कोणीही सांगेल.

न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून ‘मोआना’ प्रकल्पाने हेच काम जाळ्यांवर केले. तेथील यंत्राचे नाव ‘मांगोपारे’. माओरी भाषेत हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीला तसे म्हणतात. फाकाटोहेआ ही माओरी जमात या प्रकल्पात भागीदार होती. यंत्र जाळ्याबरोबर खोली आणि तापमान टिपते, वर आल्यावर सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या पेटीला देते.

अर्थात, मच्छिमार काही भोळा नाही. आपली मासळीची जागा तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. म्हणून नेमके ठिकाण चव्हाट्यावर येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. आणि दिलेली नोंद त्याला परत पाहायला मिळाली पाहिजे, नाहीतर पुढल्या हंगामात यंत्र खुंटीला लटकेल.

आपल्या देशात १९९९ साली हैदराबादला महासागर माहिती सेवा केंद्र सुरू झाले. उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हिरवे शेवाळ यांवरून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना हे केंद्र किनाऱ्यावर धाडते, प्रादेशिक भाषांतही. आकाश ढगाळले की उपग्रहाची दृष्टी अडते. अशा वेळी रत्नागिरी किंवा मालवणच्या नाखव्याच्या जाळ्याला बांधलेले यंत्र उपयोगी पडले असते, असे मला वाटते. यंत्राचा खर्च मात्र त्याच्या माथी मारू नये. आणि पडद्यावरचे आकडे मराठीत असावेत, म्हणजे घरी त्याच्या बायकोलाही वाचता येतील. मासळी घेऊन बाजारात तीच बसते.