हक्कास लाज कसली?

वुल्व्हरहॅम्प्टनच्या फाउंड्रीत उमेद वेचलेल्या आमच्या ज्येष्ठांना ‘अटेंडन्स अलाउन्स’चा अर्ज भीक वाटते. निवृत्तिवयानंतर आजारपणामुळे स्नान, कपडे अशा कामी सहा महिने मदत लागत असेल, तर इंग्लंड-वेल्समध्ये हा भत्ता मागता येतो. त्यास उत्पन्नाची अट नाही. सून घरी सारे करते, हेही आड येत नाही. पण फॉर्मवर आपली माणसे लिहितात, ‘माझे बरे चालले आहे’! हा कसला स्वाभिमान? बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ साली, आदारकरांचा कामगार-आरोग्यविम्याचा अहवाल आला. १९४८ चा कायदा त्यातून झाला. तो कायदा म्हणजे दानधर्म नव्हता. व्हिसावर सरकारी निधीची बंदी असलेल्यांनी मात्र आधी सल्ला घ्यावा. इतरांनी फॉर्म आजच मागवावा. मागची रक्कम मिळत नाही.