हातमोज्यांचा प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या जिमखान्यातर्फे आम्ही दोघे विद्यार्थी गिर्यारोहणाच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी गढवालमध्ये गेलो होतो. परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "काय, किती उंच चढलास?" आकडा ऐकला की माणसे खूश होतात. हातमोजे कोणते घातले होतेस, असे आजवर कोणीही विचारलेले नाही. संपादक मंडळाने मला प्रवासवर्णन लिहावयास सांगितले होते. परंतु हिमशिखरांवरील सोनेरी उन्हाचे वर्णन पुष्कळांनी केलेले आहे व माझ्यापेक्षा बरे केलेले आहे. म्हणून मी हातमोज्यांविषयीच लिहितो. विषय क्षुल्लक वाटेल, वाचकांनी थोडा धीर धरावा.

जाण्यापूर्वी आम्हांला सामानाची यादी मिळाली होती. तीत बूट, जाकीट, झोपण्याची पिशवी यांना चार-चार ओळी होत्या. सर्वांत शेवटी लिहिले होते, "हातमोजे – २ जोड्या". कसले, कशाचे, कोणत्या मापाचे, काही नाही. पैसे यादीच्या क्रमानेच संपतात. आमच्या घरात तर ते यादीच्या मध्यावरच संपले होते. मी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून शंभर रुपयांचे विणलेले मोजे घेतले आणि मोटारसायकलवाले वापरतात तसली एक काळी जोडी घेतली. तिच्यावर 'वॉटरप्रूफ' अशी चिठ्ठी शिवलेली होती. माझ्या मित्राने साडेतीन हजारांची एकच जोडी घेतली. त्याच्या मामाने त्याला सांगितले होते, "घ्यायचं तर एकदाच चांगलं घे."

आम्ही गेलो तो महिना मार्चचा. पंचांगात वसंत आला असला तरी बारा हजार फुटांवर तो पोचलेला नव्हता. तिथे सरळ हिवाळाच चालू होता. पहिल्या दिवशी घसरल्यावर बर्फात कुऱ्हाड रोवून स्वतःला थांबवण्याचा सराव होता. दिवसभर आम्ही मुद्दाम घसरत होतो. मनगटापाशी मोज्याचे तोंड आखूड असल्याने प्रत्येक घसरणीला मूठभर बर्फ आत शिरे आणि हाताच्या उबेने वितळे. 'वॉटरप्रूफ'चा फायदा एवढाच झाला की आत गेलेले पाणी बाहेर आले नाही. संध्याकाळी मी ते तंबूच्या दोरीवर वाळत घातले. पहाटे पाहिले तर लाकडाच्या फळीसारखे ताठ झालेले. तेच घालून निघालो. दुसरे होते ते सुती-विणकामाचे, तेही आदल्या दिवशीच भिजले होते.

तासाभराने दोर बांधायची वेळ आली. कॅराबिनरचा आटा फिरवायचा होता. बोटे फिरेनात. मोजा काढून पाहिला तर तीन बोटे मेणबत्तीसारखी पांढरी, आणि कोणाची तरी दुसऱ्याचीच असावीत अशी. प्रशिक्षकांनी एकही शब्द न बोलता माझे दोन्ही हात माझ्याच शर्टाच्या आत, काखेत घालायला लावले. काही वेळाने रक्त परत येऊ लागले. त्या वेळी जी कळ आली ती मी इथे लिहून दाखवू शकत नाही. मी सर्वांदेखत रडलो एवढे लिहितो. तो हिमदंश नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. तरी यंदाच्या डिसेंबरात पहाटे लिहायला बसलो की डाव्या तर्जनीच्या टोकाला मुंग्या येतात.

माझ्या मित्राची हकीकत निराळी. त्याचे मोजे इतके ऊबदार व इतके जाड की त्यांत दोरही धरता येईना. गाठ मारायला त्याने एक मोजा काढला, बर्फावर ठेवला, आणि वाऱ्याने तो उचलून खाली नेला. साडेतीन हजारांचे पावणेदोन हजार डोळ्यांदेखत दरीत गेले. आम्ही हसलो. नंतर ग्रंथालयात मोरिस हर्झोगची हकीकत वाचली आणि हसू गेले. ३ जून १९५० रोजी हा फ्रेंच गिर्यारोहक लुई लाशनालबरोबर अन्नपूर्णेच्या माथ्यावर, ८,०९१ मीटरवर पोचला. आठ हजार मीटरवरील शिखरावर माणसाने पाऊल ठेवले ते त्या दिवशी प्रथमच. उतरताना पाठपिशवी उघडण्यासाठी त्याने हातमोजे काढले व ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत पायमोज्यांची जादा जोडी होती. ती हातांत घालता आली असती, पण तेवढ्या उंचीवर ते त्याला सुचले नाही. पुढे त्याची पायांची सर्व बोटे कापावी लागली आणि हातांचीही बहुतेक गेली. एवढ्या मोठ्या माणसाला जे सुचले नाही ते आपल्याला ऐन वेळी सुचेल, असे कोणी समजू नये. म्हणून मोज्यांना दोरी हवी. लहान मुलांच्या मोज्यांना आई बांधते तशी, मनगटातून घेतलेली. अभ्यासक्रमात असली दोरी बांधणाऱ्या एका मुलीला आम्ही दोन दिवस चिडवले होते. तिचा मोजा कधी हरवला नाही.

माझे मत थोडक्यात असे आहे की हातमोजे घेताना 'हे किती ऊबदार?' हा प्रश्न चुकीचा आहे. 'यात हाताला काम काय करायचे आहे, आणि हे भिजल्यावर पुढे काय?' असे विचारावयास हवे. चढावर माणूस घामाघूम होतो. तिथे पातळ लोकरी मोजे पुरतात, जाड घातले तर ते घामानेच ओले होतात. दोर, गाठी, कुऱ्हाड यांचे काम निघाले की बोटे मोकळी राहतील असे, तळहाताला चामडे असलेले मोजे हवेत. आणि दोराच्या टोकाला उभे राहून दुसऱ्याची वाट पाहायची असते, तेव्हा अंगठा वेगळा व चारही बोटे एकाच खोळीत असलेला मोजा हवा, कारण एकत्र ठेवलेली बोटे एकमेकांना ऊब देतात. ही तीन कामे एका जोडीत करू पाहणारी वस्तू दुकानदार दाखवतो खरी, पण ती तिन्ही कामे अर्धीमुर्धीच करते. माप किंचित सैल असावे. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही, मग तो कितीही जाड असो. सुती तर घेऊच नयेत. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि सूत पाणी धरून ठेवते. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. ऑस्ट्रियातील डाखस्टाइन नावाचे उकळून घट्ट केलेल्या लोकरीचे मोजे युरोपातील गिर्यारोहकांनी वर्षानुवर्षे बर्फात वापरले, ते उगाच नव्हे.

आता जे सांगतो ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. माझे वडील रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात हमाल आहेत. मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीसाठी लागणाऱ्या लाद्या ते वीस वर्षे उचलत आहेत. परत आल्यावर मी त्यांना बोटे दाखवली. ते काही बोलले नाहीत. खुंटीवरची आपली पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत रबरी मोजे होते, त्यांच्या आत घालायचे जुन्या स्वेटरचे आईने शिवलेले लोकरी मोजे होते, तेही तीन जोड्या. "चहाच्या सुट्टीला आतले बदलायचे. ओले झालेले पोटाशी धरायचे, शर्टाच्या आत. भट्टीवर नाही वाळवायचे, कडक होतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "जायच्या आधी विचारलं असतंस तर."

मी विचारले नव्हते. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाला हिमालयातले काय कळणार, असे मला वाटले होते. मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला पहिला, आणि माहिती फक्त छापील कागदावर असते असे मला एका वर्षातच वाटू लागले होते. पुढे वाचनात आले की जपानमध्ये शोवा नावाची कंपनी थंडीत काम करणाऱ्या कोळ्यांसारख्या कष्टकऱ्यांसाठी 'टेमरेस' नावाचे, आत अस्तर असलेले मोजे बनवते, आणि बर्फात चढणारे कित्येक जण आज महागडे सोडून तेच वापरतात. आमच्या बंदरावरचे साधे रबरी मोजे मात्र तसेच उचलून नेता येणार नाहीत. कडाक्याच्या थंडीत ते ताठ होतात, आणि चढावर घाम आतच कोंडतो. परंतु आत कोरडी लोकर, बाहेर पाणी अडवणारे कवच आणि पिशवीत बदली जोडी, ही वडिलांची रीत वर-खाली कुठेही खोटी ठरत नाही.

आमच्या काही प्राध्यापकांचे म्हणणे असे की साहस करावयाचे तर सामान उत्तमच घ्यावे, नाहीतर जाऊ नये. ऐकायला हे योग्य वाटते. परंतु याचा अर्थ ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांनीच जावे, असा होतो. आणि माझ्या मित्राच्या मोज्याने दाखवले त्याप्रमाणे उत्तम म्हणजे महाग असेही नव्हे. जिमखान्यात क्रिकेटच्या बॅटी आहेत, पॅड आहेत, ते कोणी घरून आणत नाही. तसेच एका पेटीत लोकरी मोज्यांच्या वीस व वरच्या खोळींच्या दहा जोड्या ठेवाव्यात, जाणाऱ्याने न्याव्यात व धुऊन परत आणाव्यात, असा अर्ज मी ऑगस्टमध्ये दिला आहे. त्यावर 'विचाराधीन' असा शेरा आहे.

यंदा द्वितीय वर्षाच्या दोन मुली जात आहेत. त्यांनी माझ्याकडे यादी मागितली, तेव्हा मी हातमोजे सर्वांत वर लिहून दिले. आतले मोजे माझी आई शिवते आहे. वरच्या खोळींसाठी वडील बंदरावरची तीन दुकाने फिरून आले. सर्वांत लहान माप आणले तेही त्यांच्या हातांना मोठेच होते, कुऱ्हाडीचा दांडा धरला की आत बोटे फिरतात. बंदरावर मासळी सोलायला बायकाच जास्त, तरी मोजे पुरुषांच्याच मापाचे का येतात, हे वडिलांनी दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, बायका मोजे घालतच नाहीत. पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला जाऊन पाहणार आहोत.