पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर

मागच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर मशिदीच्या पायऱ्यांवर एका बुजुर्गांनी मला थांबवलं. "मास्तर, तुमचा भाचा अजून घरीच बसलाय म्हणे? ते गेम-बिम तर सरकारनं बंद केले ना?" मी त्यांना सांगितलं, चाचा, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून बंद केले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. रमी, पोकर वगैरे. माझा भाचा जुगार खेळत नाही. तो गेममध्ये दिसणाऱ्या वस्तू बनवतो. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे नोकरी नाहीच."

ते बरोबर बोलले. नोकरी नाहीच. पुण्यात पहिली नोकरी शोधायला लागून त्याला चौदा महिने झाले. पण ती का नाही, यात त्याचा वाटा किती आणि आपला किती, हा हिशेब मला आज मांडायचा आहे. सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे पुढे कुणाला बोलायला तोंड राहील.

भाचा माझ्याच शाळेत शिकला. उर्दू माध्यम, सोलापूर. मी त्याला मराठी शिकवलं. व्याकरणाच्या वहीच्या मागच्या पानांवर तो मोटारी, कंदील, दर्ग्याच्या कमानी, वर्गातल्या मोडक्या बाकाचे सांधे काढायचा. ती पानं मी दोनदा फाडली आहेत, वर्गासमोर. शाळेला चित्रकलेचा शिक्षक नव्हता आणि चित्रकलेचा तास गणिताला दिला जायचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा असतात, इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली तर दहावीला वाढीव गुणही मिळतात, हे मला पक्कं माहीत होतं. बी.एड. झालेला माणूस आहे मी. तरीही त्याचा फॉर्म भरला नाही. का? कारण "चित्र काढून काय होणार" हे वाक्य माझ्याही तोंडात बसलेलं होतं.

बारावीनंतर त्याने गेम आर्टचा कोर्स करायचा हट्ट धरला. आपा आणि दूल्हाभाई मला घेऊन पुण्याच्या एका संस्थेत गेले. वातानुकूलित ऑफिस, भिंतीवर ड्रॅगन, टायवाला समुपदेशक. फी दीड लाखाच्या वर. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'असिस्टन्स'. त्या बारीक शब्दाचा अर्थ आम्हाला वर्षभराने कळला. तिथे मी एकच प्रश्न विचारला, "सर्टिफिकेट सरकारमान्य आहे का?" घरात शिकलेला माणूस म्हणून मला नेलं होतं आणि शिकलेल्या माणसाला एवढंच सुचलं. मागच्या वर्षीच्या मुलांनी काय काम केलंय ते दाखवा, ती मुलं आज कुठे आहेत ते सांगा, असं मी विचारलं नाही. आपाच्या बांगड्या गहाण पडल्या. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही माझी आहे.

कोर्स संपला. प्लेसमेंटच्या नावाखाली दोन फोन आले. एक लग्नाचे अल्बम जुळवणाऱ्या स्टुडिओतून, दुसरा कॉल सेंटरमधून. दोन्हीला नाही म्हटल्यावर संस्थेने कळवलं, आमची जबाबदारी संपली.

आपल्या कौमला सनदेचं भारी वेड आहे. डी.एड.ची लाट आली तेव्हा घरटी एक डी.एड. झाला आणि मग भरतीच बंद पडली. गल्लीत आजही कित्येक डी.एड. झालेली पोरं मोबाइल रिपेअरिंग करतात. सनद लॅमिनेट करून भिंतीवर लावली की आपलं समाधान होतं. गेम आर्टच्या धंद्यात मात्र ती भिंत कुणी बघत नाही. तिथे पोर्टफोलिओ बघतात. आर्टस्टेशन नावाच्या संकेतस्थळावर उमेदवार आपलं काम मांडतो आणि स्टुडिओतला आर्ट लीड ते मिनिटभरात चाळतो. पाच वस्तू चांगल्या आणि सहावी कच्ची असेल, तर तो उमेदवाराला त्या सहावीवरून जोखतो.

भाच्याच्या पोर्टफोलिओत काय होतं? लाकडी खोका, चमकणारी तलवार, एक यंत्रमानव. त्याच्या बॅचच्या बाकी मुलांकडेही हाच खोका, हीच तलवार, हाच यंत्रमानव. एका शिक्षकाने एकाच ट्युटोरियलवरून सगळ्यांकडून करून घेतलेलं. दीड लाख देऊन त्याने तीस जणांबरोबर एकच निबंध पाठ केला होता. यात मला हसायला जागा नाही, मीही मुलांकडून 'माझा आवडता प्राणी' असाच पाठ करून घेतो.

दूल्हाभाईंचं हैदराबाद रोडला पंक्चरचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. हा शब्द आपल्या पोरांना कसा टोचतो ते बाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. समाजमाध्यमांवर मुसलमान मुलाने दोन ओळी लिहिल्या की खाली कुणीतरी लिहितं, "जा, पंक्चर काढ." डॉक्टर असो, प्राध्यापक असो, शिवी हीच. आमच्या घरात ती शिवी नाही, तो व्यवसाय आहे, त्यावर तीन लेकरं शिकली. पण भाच्याने कॉलेजात वडिलांचा धंदा 'ऑटोमोबाइल' असा लिहिला होता.

मी त्याला म्हटलं, तुझ्या अब्बांच्या दुकानातला कॉम्प्रेसर बनव. तो चिडला. "मामू, नक्को. लोकां हसतीं." दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी दुकानात जाऊन बसला आणि मोबाइलवर फोटो काढायला लागला.

हे काम कसं चालतं ते मी त्याच्या शेजारी बसून बघितलं, म्हणून थोडं सांगतो. "दिवसभर कॉम्प्युटरवर काय करतो कुणास ठाऊक" असं म्हणणाऱ्यांसाठी. आधी वस्तू संगणकावर बारीकसारीक तपशिलांसह घडवायची, बोल्टच्या कडांसह. एवढं जड मॉडेल गेममध्ये चालत नाही, म्हणून तिचंच दुसरं हलकं रूप करायचं, मोजक्या त्रिकोणांत बसणारं. मग ते रूप उलगडून सपाट करायचं, शिंपी सदऱ्याचे भाग कापडावर मांडतो तसं. जड मॉडेलचे बारकावे त्या सपाट भागांवर उतरवायचे आणि शेवटी रंग, गंज, तेलाचे डाग चढवायचे. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर यासाठी फुकट मिळतं, आणि स्टुडिओतही ते वापरलं जातं. ते शिकवणारे व्हिडिओही फुकट आहेत, बहुतेक इंग्रजीत. दीड लाख कशाचे गेले, हा प्रश्न मला रात्री अजून पडतो.

कॉम्प्रेसर तयार झाला तेव्हा त्याने तो दूल्हाभाईंना दाखवला. सातवी शिकलेला माणूस. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा लावला, परत बघितलं. "टाकीखालचा कॉक कुठं गेला रे? पाणी कुठनं काढशील?" हवा दाबली की टाकीत पाणी साठतं, ते काढायला बुडाला कॉक असतो. पोराने तो लावलाच नव्हता. "और जंग इधर नहीं आता, कॉक के बाजू में आता. पानी वहीं टपकता." त्या संस्थेत वर्षभरात कुणी त्याला गंज का आणि कुठे येतो हे सांगितलं नव्हतं. त्याने कॉक लावला, गंज हलवला. पट्ट्याच्या जाळीवर तेलकट बोटांचे ठसे आले, शेजारी पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आलं. तो पोर्टफोलिओत चढवल्यावर पहिल्यांदा एका स्टुडिओचं उत्तर आलं.

आता हरामवाल्यांकडे वळतो. तसवीर बनवण्याबद्दल हदीस आहेत, मला माहीत आहेत. सजीवांची चित्रं, निर्जीवांची चित्रं, सावली पडणारी, न पडणारी, यांवर उलेमांत मतभेद आहेत, तेही माहीत आहेत. फतवा द्यायचा मला अधिकार नाही. पण जे साहेब यूट्यूबवर स्वतःचा चेहरा दाखवून तसवीर हराम असल्याचं बयान करतात, त्यांनी कॉम्प्रेसर बनवणाऱ्या पोराला आडवं जाऊ नये. ज्या पंढरपूरला आपण सोलापूर जिल्ह्याची शान म्हणतो, तिथेच मकबूल फिदा हुसेन जन्मले. त्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, पोटासाठी खेळणीही घडवली. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण घरात तसं पोर निघालं की वही फाडतो.

दुसरीकडे आपली तक्रार कायम असते की गेममध्ये आपल्याला दहशतवादी म्हणून दाखवतात. तक्रार खरी आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2' हा 2009 चा गेम. त्यात कराचीचा एक नकाशा आहे आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत! मी पोटासाठी उर्दू शिकवतो, माझं हसू आणि राग एकदमच आले. त्याच गेममध्ये एका न्हाणीघराच्या भिंतीवर चौकट होती आणि तिच्या नक्षीत अरबी मजकूर होता. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, या अर्थाची हदीस. न्हाणीघरात! मुस्लीम खेळाडूंनी आवाज उठवल्यावर 2012 मध्ये कंपनीने तो नकाशाच तात्पुरता काढून घेतला. नोव्हेंबर 2021 मध्ये याच मालिकेतल्या 'व्हॅनगार्ड'मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली आणि कंपनीला माफी मागावी लागली. मला नाही वाटत की दर वेळी कुणी मुद्दाम केलं. सुंदर अक्षरं दिसली, कुणीतरी उचलली, चिकटवली, आणि आसपास कुणी ती वाचून पाहिली नाहीत. ती चौकट, ती पाटी, ती पानं म्हणजेच प्रॉप्स. माझा भाचा जी नोकरी शोधतोय ती नेमकी हीच. आपण बहिष्काराचे मेसेज फॉरवर्ड करतो आणि त्या टेबलावर बसू शकणाऱ्या पोराला विचारतो, तलाठीची परीक्षा का देत नाहीस?

हे क्षेत्र म्हणजे सोन्याची खाण आहे, असं मी म्हणत नाही. जगभरात 2023 आणि 2024 मध्ये गेम कंपन्यांनी हजारो लोक कमी केले. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2024 मध्ये गेम विभागातले 1,900 जण काढले. अनुभवी माणसं बाजारात आली की फ्रेशर आणखी मागे ढकलला जातो. त्यात आता यंत्रच चित्रं काढू लागलंय. केंद्राने 2022 च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी कृती दल जाहीर केलं, भाषणं झाली, पण सोलापूरच्या उर्दू शाळेत चित्रकलेचा शिक्षक अजून आलेला नाही.

आणि स्टुडिओवाल्यांनो, तुम्हीही ऐका. जाहिरातीत वर 'फ्रेशर' लिहिता आणि खाली 'किमान 2 वर्षांचा अनुभव'. हा अनुभव पोराने जन्मताना आणायचा का? आर्ट टेस्ट म्हणून आठवडाभराचं काम देता. काही स्टुडिओ त्याचे पैसे देतात, बरेच देत नाहीत. भाच्याने तीन टेस्ट दिल्या. दोन ठिकाणाहून साधा नकारही आला नाही. नकार कळवायला किती वेळ लागतो? काम कुठे कमी पडलं हे दोन ओळींत कळलं असतं, तर त्याचे चार महिने वाचले असते.

नावाचा प्रश्नही आहेच. पुण्यात खोली शोधताना तीन घरमालकांनी त्याचं नाव ऐकून खोली 'आत्ताच गेली' असं सांगितलं. स्टुडिओत असं होतं असा माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून तसा आरोप मी करणार नाही. पण त्याने मला विचारलं, "मामू, पोर्टफोलिओ पे पूरा नाम लिखूं क्या? नुसती इनिशियल्स टाकतो." मी म्हटलं, पूर्ण नाव लिही. सांगताना मला हेही माहीत होतं की माझी नोकरी अनुदानित शाळेत आहे, पक्की आहे, आणि या सल्ल्याची किंमत मला मोजायची नाही. त्याने पूर्ण नाव लिहिलं. त्यामुळे काही बिघडलं की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

पुढच्या महिन्यात आपल्या अंजुमनचा करिअर मेळावा आहे. दरवर्षीप्रमाणे कोर्सवाल्यांचे स्टॉल लागतील आणि त्या स्टॉलच्या भाड्यावर मंडपाचा खर्च निघेल. मी कमिटीकडे लेखी मागणी केली आहे. जी संस्था आपल्या मागच्या बॅचच्या मुलांचं काम आणि त्यांची आजची नोकरी दाखवू शकत नाही, तिला स्टॉल देऊ नका. सेक्रेटरी साहेब म्हणाले, मग मंडपाचे पैसे कोण देणार? मी म्हटलं, त्या पैशांपेक्षा आपाच्या बांगड्या महाग होत्या. ते नाराज झाले. मागणी अजून टेबलावर आहे, ज्यांना पटते त्यांनी रविवारच्या बैठकीला यावं.

कॉम्प्रेसर बघून ज्या स्टुडिओचं उत्तर आलं होतं, त्यांनी चौथी टेस्ट दिली आहे. जुना हातगाडा बनवायचा आहे, मोजक्या त्रिकोणांत. सोमवारी सकाळी दहापर्यंत फाइल पाठवायची. आमच्याकडे हल्ली रात्री वीज जाते, म्हणून दूल्हाभाईंनी दुकानातला इन्व्हर्टर घरी आणून ठेवलाय. काल गेलो तेव्हा ते पोराच्या मागे उभे राहून त्याला चाकाच्या आऱ्या मोजायला लावत होते.